वाचक विचारतात : शेतीचं अर्थशास्त्र शिकायचं म्हणजे नेमकं काय?

बारावीचा निकाल आणि पेरणी आपल्याकडे मागेपुढेच येतात, म्हणून या दिवसांतल्या पत्रांमध्ये ॲडमिशन आणि वावर दोन्ही एकमेकांत मिसळलेले असतात. यावेळची पत्रं एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली. नावं दिलेली नाहीत, आणि पत्रं जागेपुरती छोटी केली आहेत.

प्रश्न : ताई, मी दारव्हा तालुक्यातली. बारावी सायन्स झालं, पीसीबी. घरी साडेचार एकर कोरडवाहू आहे, पऱ्हाटी, सोयाबीन न् तूर. आमचा माल घरात आला की भाव पडतो, बाबा म्हणतात नशीब. मले हेच शिकायचं आहे की भाव ठरतो कसा. शाळेतल्या मॅडम म्हणतात बीएससी ॲग्री कर, मामा म्हणतो बीए इकॉनॉमिक्स कर. शेतीचं अर्थशास्त्र असा वेगळा विषय असतो का, न् कुठं शिकवतात?

उत्तर : असतो बेटा, आणि तू जे विचारलं ते त्या विषयाच्या अगदी पोटातलं आहे.

आधी रस्ता सांगते. तुझं सायन्स आहे म्हणजे बीएससी ॲग्रीचं दार उघडं आहे, आर्ट्सच्या पोरांना ते नसतं, त्यामुळे माझा कल तुझ्या मॅडमकडे. चार वर्षांचा कोर्स, राज्याच्या सीईटीवरून ॲडमिशन. आपल्या विदर्भात अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, १९६९ मध्ये सुरू झालेलं, आणि त्याच्याखाली सरकारी-खासगी बरीच कॉलेजं, त्यातलं नागपूरचं कृषी महाविद्यालय तर १९०६ पासूनचं. पण एक आधीच समजून घे, त्या चार वर्षांत माती, कीड, रोग, बियाणं, पाणी, जनावरं सगळंच शिकावं लागतं आणि अर्थशास्त्राचे पेपर मोजकेच येतात, मूलतत्त्वं, शेतीचा वित्तपुरवठा आणि सहकार, मार्केटिंग-व्यापार-किंमती, फार्म मॅनेजमेंट असे. खरा विषय एमएससीला सुरू होतो, दोन वर्षं, थीसिससकट. म्हणजे सहा वर्षं डोक्यात धरूनच चाल, नाहीतर दुसऱ्या वर्षी वाटेल की इथं तर नुसत्या अळ्या आणि खतंच आहेत. कृषी विद्यापीठात या विषयाची एमएससी करायची तर साधारणपणे आधी बीएससी ॲग्रीच लागतं, म्हणून मामाच्या रस्त्यानं गेलीस तर हे दार बंद होतं, दुसरी उघडतात, त्यांच्याबद्दल खाली एका पोराला लिहिलं आहे ते वाच.

फीचं घरी सांग, २०२४-२५ पासून राज्यानं आर्थिक मागास, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची फी माफ केली आहे, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत पाहिजे. उत्पन्नाचा दाखला, जातीचे कागद, सातबारा हे सगळं आत्ताच काढून ठेव, ॲडमिशनच्या आठवड्यात सेतू केंद्रावर किती गर्दी असते तुला माहीतच आहे.

आता भाव. सोयाबीनच घेऊ.

ऑक्टोबरमध्ये सवंगणी होते, थ्रेशर एकाच पंधरवड्यात सगळ्या गावातून फिरतो, कृषी केंद्राची उधारी उभी असते, दिवाळी तोंडावर, हरभऱ्याचं बियाणं घ्यायचं असतं, म्हणून आख्खा जिल्हा एकदमच बाजार समितीत उतरतो आणि घेणारे असतात तेवढेच. त्यात माल ओला. सरकारी खरेदीत ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, २०२४ च्या हंगामात तेवढा तो १५ पर्यंत चालवून घेतला होता, आणि व्यापाऱ्याकडे तर ओलाव्याची कटती ठरलेलीच. एवढं सगळं तुझ्या बाबांना माझ्याहून जास्त माहीत आहे. विषय सुरू होतो तो याच्या पुढच्या प्रश्नापासून, की मग माल घरी ठेवावा का?

समज आज भाव ४,००० आहे आणि तू चार महिने थांबायचं ठरवलं. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, १९९०-९१ पासूनची, बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, ६ टक्के व्याजानं. म्हणजे क्विंटलला ३,००० उचलले, चार महिन्यांचं व्याज ६० रुपये. आता ओलावा. ठेवताना माल १४ टक्के ओलाव्याचा होता आणि काढताना १० टक्क्यांवर आला, तर १०० किलोचे साडेपंचाण्णव किलो उरतात. म्हणजे फेब्रुवारीत भाव ४,२५० च्या आसपास गेला तेव्हा कुठं तू आजच्या ४,००० च्या बरोबरीला येते, वर हमाली, वाहतूक, उंदीर-घूस वेगळं. उलट बाजूनं, ऑक्टोबरची ओलाव्याची कटती वाचते, तीही मांडायला पाहिजे. आणि मग दहा-पंधरा वर्षांचे भाव काढून बघायचं की ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढी वाढ किती वर्षी झाली आणि किती वर्षी झालीच नाही. हे बघितलं की 'मार्चनंतर भाव चढतो' हे वाक्य किती खरं आहे ते कळतं. दरवर्षी खरं नसतं.

पुढचं त्याहून मोठं आहे. सोयाबीनमध्ये तेल जवळपास १८ टक्के, बाकी बहुतेक सगळी पेंड. म्हणजे दाण्याचा भाव दोन बाजारांतून येतो. आपल्या देशात खायचं तेल निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, त्यामुळे तेलावरचं आयात शुल्क वर-खाली झालं की त्याचा धक्का दारव्ह्यापर्यंत पोचतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलांवरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केलं आणि मे २०२५ मध्ये ते परत १० वर आणलं. पेंडेची गोष्ट वेगळी, ती एकतर बाहेर विकायची, तिथं अर्जेंटिना-ब्राझीलची पेंड समोर उभी, नाहीतर इथल्या पोल्ट्रीला, आणि तिथं आता मका-तांदळापासून इथेनॉल काढून उरलेला चोथा स्वस्तात मिळायला लागला. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन १०,००० च्या आसपास गेलं होतं हे गावात कोणीही सांगेल, त्याच ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या सोयाबीनची, पेंड आयात करायला परवानगी दिली आणि नवा माल येईपर्यंत भाव पार खाली आला होता. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या मालाचे आगाऊ सौदे, तेही थांबवले. ही कारणं नुसती नावं घेऊन सोडायची नसतात, त्यातल्या कोणामुळे किती फरक पडला हे वेगळं काढता येतं, आणि ते काढायचं गणित हाच अभ्यास.

आपल्या भागाला हे नवीन नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, वऱ्हाडातला कापूस तेजीत गेला, आणि युद्ध संपलं तसा भाव कोसळला. कारंजा लाडला १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, देशातला पहिला म्हणून त्याचंच नाव घेतात, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस-धान्य बाजाराचा खास कायदा आला. म्हणजे वजन-मापातली लूट, दलालाची कटती, भाव उघड बोलायचा की रुमालाखाली, हे प्रश्न तुझ्या पणजोबांच्या काळात इथंच लढले गेलेत. आणि १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, ते पुढं डिसेंबरअखेरपर्यंत नेलं, म्हणजे बरोब्बर आपली वेचणी चालू असतानाच्या महिन्यांत.

बाबांना नशीब वाटतं त्यात त्यांची चूक नाही, त्यांना कोणी हे मांडून दाखवलेलंच नाही. पण भाव पडण्यामागे माणसांनी घेतलेले निर्णय असतात, त्यांना तारखा असतात, आणि हातात आकडा असला तर त्या निर्णयांवर बोट ठेवून बोलता येतं. तुझ्यासारख्या पोरींनी यात यावं असं मला मनापासून वाटतं. गणित मात्र सोडू नको. पीसीबी घेतलं म्हणून गणित सुटलं असेल तर या सुट्टीत अकरावी-बारावीचं काढून बस.

प्रश्न : मॅडम, मी बीएससी ॲग्रीच्या सातव्या सेमिस्टरला आहे, रावेसाठी, म्हणजे गावात राहून करायच्या कार्यानुभवासाठी, आर्वी तालुक्यातलं गाव मिळालं. कापसाचा एकरी उत्पादन खर्च काढायचा आहे. कास्तकार म्हणतात 'काही उरत नाही, लिहून घ्या', कोणी खर्च डबल सांगतो, कोणी म्हणतो आठवत नाही. फॉर्म भरून द्यायला तर दोन दिवस पुरतात पण तो आकडा खरा नाही हे मलाच दिसतं. खरा कसा काढू?

उत्तर : तुला हे दिसलं याचा मला फार आनंद झाला. रावेचे कितीतरी फॉर्म झाडाखाली बसून भरले जातात आणि त्यातून पुढं काहीच उगवत नाही.

'खताला किती खर्च आला?' असं विचारू नको. असा आकडा कोणाच्याच डोक्यात नसतो. पेरणीपासून सुरू कर आणि हंगामाबरोबर चाल. बियाण्याची पाकिटं किती, दुबार पेरणी झाली का, खताच्या बॅगा किती, कोणत्या, कुठून आणल्या, रोख की उधार, उधारीत बॅगेमागं किती जास्त लागले. ही शेवटची गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही आणि ती खर्चात फार मोठी असते. मग डवरणी, निंदण, फवारणी, प्रत्येक वेळी माणसं किती आणि मजुरी किती. दुकानदाराची उधारीची चिठ्ठी बघायला मिळाली तर सोनंच. जमीन विचारताना सातबारा वेगळा आणि वाहितीखाली असलेलं वावर वेगळं, ठेक्यानं केलेलं त्याच्यात आहे का ते आधी मोकळं करून घे.

आणि वेचणीच्या दिवसांत गाव मिळालं असेल तर संध्याकाळी काट्याजवळ जाऊन उभा राहा. बाया गाठोडी आणतात, एकेक काट्यावर चढतं, मालक किंवा त्याचा पोरगा वहीत नाव आणि किलो लिहितो, आठवड्याला त्यावरून पैसे. ती वही माग. त्यात दुसऱ्यांच्या नावापुढं १८, २२, २५ असे किलो दिसतील. आता नीट बघ, घरची बाई, सून, सुट्टीच्या दिवशीची पोरगी, या त्याच ओळीत वेचत होत्या आणि वहीत त्यांचं नावच नाही. कारण त्यांना द्यायचे पैसे नाहीत. तुझा खर्चाचा आकडा इथंच चुकतो.

केंद्राचा कृषी मूल्य आयोग, १९६५ पासूनचा, हमीभाव सुचवताना खर्चाचे वेगवेगळे थर मांडतो. ए-टू म्हणजे खिशातून गेलेलं, बियाणं, खत, औषध, मजुरी, डिझेल, घेतलेल्या जमिनीचा ठेका. त्यात घरच्या माणसांच्या मेहनतीची किंमत मिळवली की ए-टू अधिक एफएल. आणि स्वतःच्या जमिनीचा ठेका आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याजही धरलं की सी-टू. आता समजण्यापुरते आकडे धरू. एकरी ६ क्विंटल पिकलं, खिशातून २४,००० गेले, म्हणजे ए-टू क्विंटलला ४,०००. घरच्यांचे सगळे मिळून ४० दिवस, ३०० नं धरले तर १२,०००, झाले ६,०००. जमिनीचा ठेका १२,००० आणि व्याज १,५०० मिळवलं की ८,२५०. कापूस विकला ७,५०० नं. पहिल्या हिशेबात क्विंटलला ३,५०० नफा, दुसऱ्यात १,५००, तिसऱ्यात ७५० तोटा. एकच वावर, एकच कापूस. म्हणून तुझ्या गावात एक म्हणतो 'बरं राहिलं' आणि दुसरा म्हणतो 'काही उरत नाही', दोघंही खरंच बोलत असतात, प्रत्येकानं वेगळ्या थरावर हात ठेवलेला असतो.

सरकार २०१८-१९ पासून खर्चाच्या दीडपट हमीभाव म्हणतं ते ए-टू अधिक एफएलच्या दीडपट, आणि शेतकरी संघटना मागतात ते सी-टूच्या दीडपट. भांडण सगळं या दोन अक्षरांमध्ये आहे आणि २०२५-२६ साठी लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० जाहीर झाले ते याच हिशेबातून. घरच्या बाईचा दिवस कितीचा धरायचा, पुरुषाच्या मजुरीनं की बाईच्या, यावरून तो आकडा हलतो. म्हणून तुझ्या फॉर्ममध्ये घरच्या बायांशी वेगळं बोलल्याशिवाय एफएलचा रकाना भरू नको. पुरुषाला विचारलं तर तो म्हणेल 'ती येते अधूनमधून'. तिला विचार, ती पहिला वेचा, दुसरा वेचा, कोणत्या सणाच्या आधी, असं दिवसावारी सांगेल.

शेवटी घराचं उत्पन्नही विचार, नुसतं वावराचं नको. २०१८-१९ च्या देशपातळीवरच्या सरकारी पाहणीत शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं, त्यात पिकातून ३,७९८ आणि मजुरीतून ४,०६३. देशभरचं शेतकरी घर पिकापेक्षा मजुरीवर जास्त कमावतं. तुझ्या आर्वीच्या गावात हे कसं आहे ते काढलंस तर तोच तुझ्या एमएससीचा विषय होऊ शकतो.

प्रश्न : मॅडम नमस्कार. बाळापूर तालुक्यातून लिहितो. मुलगा बीएससी ॲग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणतो एमएससी ॲग्री इकॉनॉमिक्सला करीन. मला वाटते कीटकशास्त्र किंवा ॲग्रोनॉमी घ्यावं, कंपनीत तरी लागेल, नाही तर कृषी केंद्र टाकून देऊ. इकॉनॉमिक्स करून नोकरी लागते का? आम्ही तीन एकरावर दोघांना शिकवत आहो.

उत्तर : नमस्कार दादा. तुमची काळजी रास्त आहे, म्हणून गोड गोड लिहीत नाही.

औषध-बियाण्याच्या कंपनीत फिल्डची नोकरी हवी असेल तर ॲग्रोनॉमी, कीटकशास्त्रवाल्याला पहिलं बोलावणं येतं हे खरं. विद्यापीठात प्राध्यापक व्हायचं म्हटलं तर नेट, पीएचडी, आणि जागा रिकाम्या असून भरती वर्षानुवर्षं रखडते, त्यावर घर अवलंबून ठेवू नका. कृषी केंद्राचं म्हणाल तर त्याचं लायसन बीएससी ॲग्रीवरच मिळतं, एमएससी कशातही केली तरी तो रस्ता जात नाही, त्याची काळजी सोडा.

इकॉनॉमिक्सवाल्याला उपयोग होतो तो बँकेत आणि परीक्षांमध्ये. बँकांची कृषी अधिकारी परीक्षा बीएससी ॲग्रीवरच देता येते. नाबार्ड, १९८२ मध्ये स्थापन झालेली, तिच्या ग्रेड ए च्या परीक्षेत अर्थ-सामाजिक प्रश्न आणि शेती-ग्रामविकास असे दोन्ही विषय असतात, म्हणजे याचा रोजचा अभ्यास तोच. एमपीएससीची कृषी सेवा कुठल्याही शाखेच्या कृषी पदवीधराला खुली. त्याशिवाय पीक विमा कंपन्या, शेतमालाच्या भावाचा अंदाज काढणाऱ्या कंपन्या, प्रकल्पांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्था, आणि आपल्या शेतकरी उत्पादक कंपन्या. या शेवटच्या ठिकाणी पगार बेताचा असतो पण हिशेब समजणाऱ्या माणसाची तिथं इतकी गरज आहे की मला त्याबद्दल फार तळमळीनं लिहावंसं वाटतं, कंपनी नोंदवली, शेअर गोळा केले, गोदाम बांधलं, आणि माल कधी घ्यायचा, खेळतं भांडवल किती लागेल, हे मांडणारं कोणी नाही म्हणून शटर खाली, असं गावोगाव बघितलं आहे.

त्याला एकच विचारा, इकॉनॉमिक्स आवडतं म्हणून घेतो की प्रॅक्टिकल कमी आहे म्हणून? पहिलं असेल तर अडवू नका. अट घाला, की एमएससीच्या पहिल्याच वर्षापासून बँक आणि नाबार्डचा अभ्यास बरोबरीनं. खर्चासाठी अल्पभूधारकांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, त्याच्या कोर्सला आणि कॉलेजला ती लागू होते का ते ऑफिसात विचारून घ्या, आणि तुमच्या प्रवर्गाप्रमाणं बार्टी, सारथी किंवा नागपूरच्या महाज्योतीकडं काय आहे तेही.

प्रश्न : मी मेहकरजवळच्या खेड्यातला, बीए दुसऱ्या वर्षाला, इकॉनॉमिक्स स्पेशल, मराठी मीडियम. दहावीनंतर गणित नाही. शेतीच्या अर्थशास्त्रात जायची फार इच्छा आहे पण बीएससी ॲग्री नाही, इंग्रजी कच्चं. माझं यात काही होऊ शकतं का?

उत्तर : होऊ शकतं, पण गणिताशिवाय नाही. हे मी स्पष्टच लिहिते कारण आपल्याकडं बीएच्या पोरांना तीन वर्षं व्याख्या पाठ करायला लावतात आणि एमएच्या एन्ट्रन्सला गेल्यावर त्यांना पहिल्यांदा कळतं की बाहेर हा विषय गणितात शिकवतात.

तुझे रस्ते असे. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था, १९३० ची, धनंजयराव गाडगीळ तिथले, पुढं दांडेकर आणि रथांनी १९७१ मध्ये देशातल्या गरिबीचा गाजलेला अभ्यास मांडला तोही तिथूनच, आणि तिथं अर्थशास्त्राच्या एमएससीबरोबर ॲग्रिबिझनेस इकॉनॉमिक्सचीही एमएससी आहे. मुंबईला रिझर्व्ह बँकेनं १९८७ मध्ये काढलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, तिथली प्रवेश परीक्षा अवघड. नागपूर किंवा अमरावती विद्यापीठातून एमए करून पीएचडीला शेतीचा विषय घेणं हाही सरळ रस्ता आहे, त्यात कमीपणा काही नाही. अर्थशास्त्रात मास्टर्स झालं की यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवेची परीक्षाही देता येते.

आजपासून काय करशील ते सांगते. एनसीईआरटीची अकरावीची सांख्यिकी घे, सोपी आहे, फुकट डाउनलोड होते. बारावीच्या गणितातलं डेरिव्हेटिव्ह आणि मॅट्रिक्स एवढंच आधी. मग ॲगमार्कनेट नावाची सरकारी साइट आहे, तिच्यावर बाजार समित्यांची रोजची आवक आणि भाव मिळतात. मेहकरची सोयाबीनची जेवढ्या वर्षांची मिळेल तेवढी माहिती काढ, एक्सेलमध्ये टाक, महिन्यावार सरासरी काढ आणि आवक-भावाचा ग्राफ एकावर एक ठेव. मधले दिवस रिकामे असतील, एखाद्या दिवशी भाव वेडावाकडा दिसेल, ते बाजार समितीत जाऊन विचार, तिथला जुना मापारी कारण सांगेल. एवढं एक काम तू स्वतः केलंस तर कुठल्याही मुलाखतीत तुला बोलायला भरपूर असेल. इंग्रजीसाठी मूल्य आयोगाचे अहवाल वाच, दर हंगामाला निघतात, भाषा कोरडी आणि ठरावीक आहे, विषय आपल्या वावरातला, त्यामुळे शब्द अडला तरी अर्थ लागतो. रोज दोन पानं.

प्रश्न : ताई, मी गोंदिया जिल्ह्यातली, धानपट्ट्यातली. एका विद्यापीठाच्या माहितीपत्रकात 'फूड सिस्टिम्स' असा कोर्स बघितला. शेतीचं अर्थशास्त्र न् हे वेगळं आहे का?

उत्तर : पुष्कळसं एकच, पण नजर लांबपर्यंत जाते. शेतीचं अर्थशास्त्र जुन्या पद्धतीनं वावरातून निघतं आणि बहुतेक वेळा बाजारात थांबतं. फूड सिस्टिम्सवाले बियाण्यापासून ताटापर्यंत आणि ताटातून शरीरापर्यंत जातात.

तुमचाच धान घे. मार्केटिंग फेडरेशन किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर हमीभावानं विकला, २०२५-२६ साठी साधारण धानाला २,३६९. तो राइस मिलला भरडाईला जातो, क्विंटलमागं ६७ किलो तांदूळ मिलवाल्यानं सरकारला परत द्यायचा, कोंडा आणि कनकी त्याच्याकडं, कोंड्यातून तेल निघतं. तांदूळ गोदामातून रेशन दुकानात, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी ५ किलो, २०२३ पासून फुकट. म्हणजे तुझ्या बाबांनी विकलेला धान फिरून तुमच्याच पिशवीत येऊ शकतो. यात कोणाला किती मिळालं, सरकारचे किती गेले, आणि तांदूळ एवढा खात्रीचा झाला म्हणून डाळ, भाजी, दूध लावायचं कोणी सोडलं का, हे सगळे प्रश्न या कोर्सचे.

पश्चिम विदर्भात याच्याच दुसऱ्या टोकाची गोष्ट घडली. ज्वारी गेली, सोयाबीन आलं. रोख पैसा आला हे खरंच आहे आणि ते नाकारू नये. पण ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर जनावरं कमी झाली, त्यांच्याबरोबर शेणखत, आणि ताटातली भाकर जाऊन रेशनच्या गव्हाची पोळी आली. सोयाबीन तर घरात कोणी खात नाही. हे नुसत्या एकरी नफ्याच्या हिशेबात दिसत नाही. २०२३-२४ च्या देशपातळीवरच्या खर्च पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातला खाण्याचा वाटा ४७ टक्के आहे, त्यात धान्यावर ५ टक्क्यांच्या आसपास आणि पॅकबंद खाणं-चहापेयांवर त्याच्या दुपटीजवळ. धान्याचा आकडा लहान दिसतो त्यात फुकट रेशनचाही हात आहे, तरीपण गावातल्या किराणा दुकानासमोर लटकणाऱ्या पाच-दहा रुपयांच्या पुड्या बघ म्हणजे दुसरा आकडा कुठून आला ते कळेल.

कोर्स निवडताना नावावर जाऊ नको. विषयांची यादी माग, त्यात सांख्यिकी, सूक्ष्म अर्थशास्त्र आणि पोषण हे तिन्ही आहेत का आणि गावात जाऊन पाहणी करायचं सक्तीचं काम आहे का ते बघ. यातलं सांख्यिकी नसेल तर फी कितीही कमी असली तरी तो घेऊ नको.